सोपराणी

चकलांब्यात जन्मून, चकलांब्यातच नांदून आणि चकलांब्याच्याच दवाखान्यात उभी हयात नर्स म्हणून काढून इटालियन भाषेत गाणारी बाई जगाच्या पाठीवर एकच आहे, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. हे मी आत्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही, पूर्ण विचारांती म्हणतो. इटलीत इटालियन गाणाऱ्या बायका ढिगानं असतील; पण सकाळी पोरांना गोवराची लस टोचून, दुपारी शेंगदाण्याचं कूट कुटून आणि तिन्हीसांजेला म्हशीच्या दावणीशी उभं राहून वरचा सूर लावणारी त्यांत एकही निघायची नाही. शिवाय त्या बायकांचं गाणं ऐकायला लोकांना तिकीट काढून जावं लागतं. आत्याच्या गाण्याचं तसं नव्हतं, ते आपण होऊन घरी यायचं. तिनं तिच्या ओसरीवर सूर लावला की दोन गल्ल्या ओलांडून आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणायला लागायचे आणि आई म्हणायची, "आली बघ तुजी आत्या." प्रत्यक्ष आत्या यायला अजून बराच अवकाश असायचा. तोवर आई निवांत चहाचं आधण ठेवायची.

आवाज तिला जन्माबरोबरच मिळाला होता, पण त्याला नाव नव्हतं. नाव मिळालं ती नर्सिंग शिकायला एका मिशनच्या दवाखान्यात गेली तेव्हा. तिथं तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून तिनं एकदा नुसती हाक मारली, "पेशंटबरुबर कोन हाय वो?" फाटकाबाहेर चहा पीत बसलेले पेशंटचे नातेवाईक तर धावत आलेच, पण त्यांच्या मागोमाग, दवाखान्यात प्रार्थनेची गाणी बसवणारी एक म्हातारी गोव्याची सिस्टरही धापा टाकत जिना चढून आली. तिनं आत्याची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं, आत डोकावून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "तू सोप्रानो आहेस." आत्या हादरली. दवाखान्यात कुणी आपल्या घशात डोकावून असा शब्द उच्चारल्यावर माणसानं दुसरं काय करायचं? "औषद हाय का त्याला?" तिनं विचारलं. सोप्रानो म्हणजे बायकांमधला सगळ्यात उंच आवाज, तिकडच्या शास्त्रीय गाण्यात त्याला फार मान असतो, हे तिला समजावून सांगण्यात सिस्टरची ती अख्खी दुपार गेली. पुढची तीन वर्षं मात्र आत्यानं दिवसा इंजेक्शनं आणि संध्याकाळी इटालियन, असा दुहेरी अभ्यास केला आणि नर्सिंगचं सर्टिफिकेट आणि पिशवीभर कॅसेटी घेऊन ती गावी परतली.

गावात आल्या आल्या तिनं ओसरीवर जमलेल्या बायकांना जाहीर केलं, "मी सोप्रानो हाय." शेजारच्या शेवंताकाकूंनी तोंडाला पदर लावला. "आगं बाई! अन् मग लग्नाचं कसं करायचं?" आमच्या गावाच्या जिभेला जोडाक्षर फारसं मानवत नाही. आठवडाभर तो शब्द गल्लीतून, पाणवठ्यावरून, पिठाच्या गिरणीतून फिरला आणि फिरून आला तेव्हा त्याची 'सोपराणी' झालेली होती. आत्यानं सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, पण त्यात निदान 'राणी' तरी आहे हे ध्यानात आल्यावर तिनं नाद सोडला. पुढं तिकडचं गाणं आणि इकडचं गाणं एकत्र करून गायची तिला हौस लागली. त्याला 'क्लासिकल क्रॉसओव्हर' म्हणतात असं तिनं कुठंसं वाचलं आणि घरात जेवताना सगळ्यांना सांगितलं. क्रॉस म्हटल्यावर आमच्याकडे डोळ्यांपुढं फक्त गाय येते. अण्णांनी घास थांबवला, विचार केला आणि म्हणाले, "क्रॉस म्हंजे जर्सी. दूध लई देती, पन तिला आपलं ऊन सोसत न्हाई." आत्या तेव्हा चिडली होती. पुढं मात्र तीच हे वाक्य लोकांना हसत हसत सांगायची.

अण्णा म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. दोघांचे वडील लवकर गेल्यामुळं अण्णांनीच आत्याला वाढवलं. मिशनच्या दवाखान्यात तिला नेऊन सोडलं तेही त्यांनीच. ते एसटीत कंडक्टर होते आणि कंडक्टरकी त्यांच्या अंगातून निवृत्तीनंतरही उतरली नाही. निवृत्त होताना तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी पंच त्यांना जमा करावा लागला. तेव्हापासून हात रिकामा वाटतो म्हणून त्यांनी बीडच्या भंगारबाजारातून तसाच एक पंच शोधून आणला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. कंडक्टरनं एक टोला दिला की गाडी थांबते, दोन दिले की चालू पडते. या सिंगल बेल आणि डबल बेलवर अण्णांनी अख्खा संसार केला. ताटाच्या काठावर एक टोला म्हणजे भात पुरे, दोन टोले म्हणजे अजून वाढा. पाहुणा लांबड लावायला लागला की खिडकीच्या गजावर एक टोला. पाहुण्याला अर्थ कळत नसे, पण तो गडबडून उठत असे एवढं खरं. आत्याच्या वाट्याला मात्र जन्मभर सिंगलच आली. तिचं गाणं खालच्या सुरात सुरू व्हायचं, वळणं घेत हळूहळू वर चढायचं, आता तो शेवटचा, सगळ्यात उंच सूर लागणार, तेवढ्यात अण्णांचा टोला पडायचा. टण्. आत्या तिथंच तोंड उघडं ठेवून थांबायची. "कावून थांबवतो रं दादा?" ती कळवळून विचारायची. "स्टॉप आला," अण्णा म्हणायचे आणि चपला घालून बाहेर पडायचे.

आत्यानं आयुष्यात पुष्कळांना गाणं ऐकवलं, पण तिची भूक एवढी एकच होती. "दादानं एक डाव तरी शेवटपतुर ऐकावं. मग हासला तरी चालंल," असं ती मला कितीदा तरी म्हणाली असेल. मी लहान असल्यापासून तिचा हक्काचा श्रोता होतो. पण हक्काच्या श्रोत्याची कुणाला किंमत नसते, हे मला तिनंच शिकवलं.

तिचं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं पहाटे उठून रियाज सुरू केला आणि त्या सकाळी जे घडलं ते चकलांबा अजून विसरलेला नाही. आमच्याकडे कुणी गेलं की बायका गळा काढून, उंच हेल धरून रडतात. गल्लीला दुसरी कुठली उंच पट्टी माहीतच नव्हती. त्यामुळं आत्याचा सूर ऐकल्याबरोबर, नव्या सुनेचा सासरा गेला, असा सगळ्यांनी बिनबोभाट निष्कर्ष काढला. शेवंताकाकू रडतच घरातून निघाल्या आणि दारात येऊन पाहतात तो सासरा ओसरीवर मिश्री घाशीत बसलेला. गर्दी बघून म्हातारा घाबरला. त्याला वाटलं, आपल्या पोराचंच काही बरंवाईट झालं, म्हणून तोही रडायला लागला. म्हातारा रडतो म्हटल्यावर बायकांना जोर चढला. आत माडीवर आत्याला वाटलं, आपल्या गाण्यानं माणसं हेलावली. तिनं आणखी एक पट्टी वर घेतली. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. तेव्हा उलगडा होईपर्यंत तीन घरांतून गरम पिठलं येऊन पोचलं होतं. सासऱ्यानं डोळे पुसले, पिठल्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आता आणलंच हाय तर वाढा."

त्यानंतर दर लग्नसराईला गल्लीत जेवढ्या नव्या सुना यायच्या, त्यांतली प्रत्येक जण एकदा तरी पिठलं घेऊन आत्याच्या दारात उभी राहायची. शेवटी शेवंताकाकूंनी सर्वांच्या सोयीसाठी एक नियम करून दिला. "रडनारी बाई मधी दम खाती. ही खात न्हाई. दम खाल्ला तर समजा कोनी गेलं, न्हाई खाल्ला तर सोपराणी." नियम इतका पक्का बसला की पुढं एका घरी खरोखरच म्हातारी गेली आणि तिची दमदार लेक एका श्वासात लांबलचक रडली, तेव्हा दुपार कलेपर्यंत तिकडं कुणी फिरकलंच नाही. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, या सगळ्यात कधी तोंड घातलं नाही. ते रियाजाच्या वेळी कानात कापूस घालून बसायचे. आमच्याकडे कापसाला काय तोटा? "यंदाचा धागा लांब हाय, आवाज कमी येतो," असं पिकाचं परीक्षण ते कानानं करायचे.

आत्याच्या दवाखान्यात लस घ्यायला आलेलं पोर सुईला कधी रडलं नाही. ती सुई हातात घ्यायची, पोराच्या डोळ्यांत बघायची आणि एकदम वरचा सूर लावायची. पोर आ वासून बघत राहायचं, तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर यायची. रडायचं ते नंतर, आणि सुराला की सुईला ते त्यालाही सांगता यायचं नाही. तिच्या इटालियन गाण्याचा अर्थ तिला माहीत नव्हता, पण विचारणाऱ्याला तिनं कधी विन्मुख पाठवलं नाही. "तो तिला सोडून निघालाय," ती सांगायची, "अन् ती म्हनती का, जा, पन जेवून जा." दुसऱ्या वेळी त्याच गाण्यात तो परत आलेला असायचा आणि तिनं पुरणाचा घाट घातलेला असायचा. गाणाऱ्यांनी तिखट खाऊ नये असं सिस्टरनं बजावलं होतं. आत्यानं ते फक्त मिशनच्या आवारात पाळलं. गावी आल्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीवर घेऊन ती म्हणायची, "त्यांच्याकडं ठेचा न्हाई, म्हनून त्यांचा आवाज तेवढ्यावरच राहिला." मी बीडला क्लासमध्ये पोरांना गणित शिकवतो. तर्कातली चूक मला लगेच दिसते, पण आत्याच्या तर्कातली चूक मला कधी सापडली नाही.

तिची खरी कारकीर्द घडली ती लग्नांत. साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की आमच्याकडे लग्नांची झुंबड उडते. शिरूर कासारला अशाच एका लग्नात, ओळखीच्या कुणीतरी आत्याला मंगलाष्टक म्हणायचा आग्रह केला. मंगलाष्टकात तिला काय दिसलं असेल ते असो, तिनं त्यात इटली आणली. पहिल्या कडव्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग 'शुभ मंगल साव' इथवर येऊन तिनं जो 'धा' धरला तो सोडेचना. अक्षता टाकायची वेळ झाली असं समजून अर्ध्या मांडवानं हातातल्या टाकून दिल्या. बाकीच्या अर्ध्यांनी थोडा दम धरून टाकल्या. आत्याचा 'धा' चालूच. भटजी घड्याळाकडं बघायला लागले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले आणि पाट हळूहळू खाली आला. नवरा-नवरीनं एकमेकांना बघून घेतलं, ती हसली, तो लाजला. 'न' आला तेव्हा कुणाच्या हातात तांदळाचा दाणा नव्हता आणि बँडवाला वाजवायचं सोडून नुसता बघत राहिला होता. मला वाटलं, आता आम्हाला जेवू घालत नाहीत. पण घडलं उलटंच. त्या मांडवातल्या बायकांना ते गाणं फार भावलं आणि पुढं सोपराणीच्या 'सावधान'शिवाय पंचक्रोशीत लग्न लागेना. लोक अक्षता दुप्पट ठेवू लागले. शिरूरची एक बाई तर आत्याला म्हणाली, "सिस्टर, आमी तिकडं उसाच्या फडात तुमच्यावानीच हाळी देतो. लई लांब जाती. जेवाया बोलवायला बरी."

या सगळ्या लग्नांत मांडव आणि स्पीकर असायचे ते बीडच्या हमीदभाईंचे. आत्याच्या आवाजानं त्यांच्या कर्ण्यांची युनिटं इतकी उडाली की दुसरा असता तर त्यानं गावच सोडलं असतं. हमीदभाईंनी फक्त माइक काढून घेतला. "आपा, माइक नक्को," ते हात जोडून म्हणायचे. "तुमी नुस्तं हुबं ऱ्हावा. माझं मशीन गरीब हाय." पण गाणं सुरू झालं की ते आपलं गरीब मशीन बंद करून, जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून ऐकायचे. आत्याची कदर कुणाला असेल तर ती हमीदभाईंना, हे मला मान्य करावं लागेल.

आत्या निवृत्त झाली तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्यांनी मिळून बीडला एक हॉल घेतला. शाल, श्रीफळ आणि भाषणं असा बेत होता. आत्यानं सांगितलं, "शाल नको, नारळ नको. भाषन तर मुळीच नको. मला तेवढा येळ गाऊ द्या." आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादाला पुडल्या रांगेत बशीव. मधीच उठून जाता येनार न्हाई असं." फ्लेक्सची जबाबदारी माझ्यावर होती. मी छपाईवाल्याला फोनवर मजकूर सांगितला, 'सोप्रानो गायन'. छपाईवाला जाणता माणूस होता. मला नीट बोलता येत नाही असं समजून त्यानं आपणहून दुरुस्ती केली. हॉलच्या दाराशी आत्याच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत झळकलं, 'ह.भ.प. सोपानताई यांचे सुश्राव्य गायन'. बदलायला वेळ नव्हता. परिणाम असा की आम्ही पोचायच्या आधीच कुठल्याशा भजनी मंडळाचे म्हातारे गळ्यात टाळ अडकवून पुढच्या दोन रांगा अडवून बसले होते. त्यांच्यामागं चकलांब्याच्या बायका होत्या. शेवंताकाकूंच्या मांडीवर डबा होता आणि त्या डब्यात, मुद्दाम, पिठलं-भाकरी होती. सगळ्यात मागं माझ्या क्लासची पोरं. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की आज गणित नाही. पहिल्या रांगेच्या मधोमध, दोन टाळकऱ्यांच्या मध्ये, लोखंडी घडीच्या खुर्चीवर अण्णा, आणि त्याच रांगेत दोन टाळकरी सोडून मी.

आत्या अबोली रंगाची रेशमी साडी आणि दवाखान्यातले पांढरे बूट घालून स्टेजवर आली. बूट का, तर म्हणे जन्मभर यांच्यावर उभी राहिले, आज चपलेवर तोल जाईल. सुरुवातीला तिनं मंगलाष्टकं म्हटली. हॉलमधल्या बायकांचे हात सवयीनं अक्षता शोधायला लागले. मग एक अभंग वर वर नेत असा म्हटला की टाळकरी दोनदा तालातून पडले, दोनदा सावरले आणि शेवटी आनंदानं शरण गेले. आणि मग तिनं ते गाणं सुरू केलं, सिस्टरनं शिकवलेलं, जेवून जा म्हणणारं. खालचे सूर छान गेले. गाणं चढायला लागलं. वरच्या सुराच्या अगदी जवळ आलं तेव्हा माझ्याच क्लासमधल्या कुणीतरी मागून तिच्या आवाजाची नक्कल केली. एक हसला, दुसरा हसला, मग हॉलभर हसू पसरलं. चकलांब्याच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण ते हसणंच होतं.

आत्या थांबली. आत्या आपण होऊन थांबलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिनं पोरांकडं पाहिलं नाही, बायकांकडं पाहिलं नाही, ती सरळ अण्णांकडं बघत राहिली. अण्णांचा हात खिशाकडं गेला आणि पंच घेऊन बाहेर आला. मला तिथून उठून त्यांचा हात धरावासा वाटला. पण मध्ये दोन टाळकरी होते. अण्णांनी हात वर केला आणि खुर्चीच्या लोखंडी दांडीवर टोला दिला.

टण्.

आत्याचा चेहरा उतरला. हॉल गप्प झाला. मला माझ्या बापाचा त्या घडीला आला तेवढा राग कधी आला नसेल. आत्यानं पदर सावरला, जायला वळली, आणि मग दुसरा टोला पडला.

टण्.

डबल बेल. कंडक्टरच्या भाषेत, चला, जाऊ द्या. चकलांब्याच्या बायकांना तो हिशेब माहीत होता. त्यांच्यात एक कुजबूज गेली आणि विरली. आत्या जागच्या जागी उभी राहिली. तिनं एकदा नाक ओढलं, श्वास घेतला आणि गाणं जिथं सोडलं होतं तिथून नाही, पार खालून, पहिल्यापासून घेतलं. या वेळी ते चढलं ते चढतच गेलं आणि तो सूर लागला. अण्णांच्या समोर तो सूर मी जन्मात पहिल्यांदा पूर्ण ऐकला. झरोक्यातली कबुतरं उडाली. पोरं आ वासून बघत राहिली, लस टोचताना राहायची तशी. हमीदभाई मशीन बंद करून जमिनीवर बसले होते. आणि शेवंताकाकू डबा मांडीवर घट्ट धरून रडत होत्या. नंतर त्या मला म्हणाल्या, "दम न्हाई खाल्ला, तरी बी रडू आलं बघ. माजा नेमच मोडला."

कार्यक्रम संपल्यावर आत्या धावत अण्णांपाशी आली. "दादा, ऐकलंस?" अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लई लांबवलं," ते म्हणाले. "तिकीट गेवराईचं अन् गेली पार मुंबईला." आत्या हसली, रडली आणि पिठलं-भाकरी हॉलच्या पायऱ्यांवर बसून आम्ही सगळ्यांनी खाल्ली. टाळकऱ्यांनीही खाल्ली. जाताना त्यांच्यातला एक जण "सोपानताईंचा गळा अवघड हाय, पन पवित्र हाय," असं म्हणून गेला.

परतताना जीपमध्ये मी अण्णांना विचारलं, "आज दुसरी बेल कशी काय दिली?" ते बाहेर बघत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग मोठ्यानं विचारलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की वर्षभर त्यांच्या ज्या ओ न देण्याला आम्ही घरात तिरसटपणा समजत होतो, तो तिरसटपणा नव्हता. पुढं बीडच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि सांगितलं की वय आहे, इंजिनाचा आवाजही जन्मभर ऐकलाय. यात आधी उंच सूर जातात, खालचे थोडे राहतात. म्हणजे त्या दिवशी तो सूर हॉलभर सगळ्यांनी ऐकला, टाळकऱ्यांनी ऐकला, कबुतरांनी ऐकला. अण्णांना तो आलाच नाही. डॉक्टरांच्या पायऱ्या उतरताना अण्णांनी माझा दंड धरला. "तिला सांगू नको." मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मग बेल दिली कशी?" अण्णांनी खिशातला पंच चाचपला. मग म्हणाले, "ती वर चढली की तिच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. मला वाटायचं, फुटंल पोरगी. मांजरसुंब्याच्या घाटात गाडीचं इंजिन असंच वरडायचं, अन् मग बसायचं. म्हनून थांबवायचो. त्या दिशी वरडनं ऐकूच आलं न्हाई. नुसती खुर्ची थरथरली. मग भ्या कशाचं?" एवढं सरळ बोललेलं त्यांचं मी दुसरं काही ऐकलेलं नाही. मला तिथं पायरीवर रडू आलं आणि अण्णांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

आता आत्या पुण्याला मुलाकडं असते. तिथं पहिल्याच सकाळी तिनं रियाज केला, पण पिठलं घेऊन कुणी आलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. तेव्हापासून ती संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलाच्या गाडीत बसते, काचा वर करते आणि अण्णांना फोन लावून गाते. मी सुट्टीला गावी असलो की समोर बसून बघतो. अण्णा स्पीकर लावून फोन तळहातावर धरतात. खालचे सूर चालू असतात तोवर त्यांची मान हलते. मग गाणं वर जातं आणि मान थांबते. ते हाताकडं बघत राहतात. आणि नेमकं त्या जागी खिडकीच्या गजावर दोन टोले देतात. मी एकदा कानाशी ओरडून विचारलं, "काही येतं का ऐकू?"

"खाली असती तवर येतं," अण्णा म्हणाले. "मग जाती. घाटात गाडी वळनाआड जाती तशी. पन हातात थरथरतंय की. म्हंजे बंद न्हाई पडली, चढती हाय."

परवा गाणं संपल्यावर आत्यानं मला फोनवर घेतलं. तिचा आवाज तरुण पोरीसारखा आनंदलेला होता. "दादाचे गुडघे गेले, दात गेले," ती म्हणाली, "पन कान बघ कसे शाबूत हायेत. बरुबर वरच्या सुरालाच डबल देतो. आता येक डाव बी मधी थांबवत न्हाई." मी "हो, आत्या," म्हणालो आणि फोन ठेवला. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय म्हनली?"

मी वाकून त्यांच्या कानाशी ओरडलो, "उद्या पुन्हा गानार, म्हनली."

अण्णांनी मान हलवली आणि पंच खिशात ठेवून दिला.